निळं जस्त

मासळीच्या दुकानात एवर्टच्या हातातल्या चिठ्ठीवर एकोणऐंशी नंबर होता आणि भिंतीवरच्या पाटीवर अठ्ठ्याहत्तर. म्हणजे पुढचा तोच. चपटी मासळी दोन, काटे काढून, आणि लिंबू घरात नाही ते आठवणीनं, असं गुनवोरनं दोनदा बजावलं होतं. एकदा स्वयंपाकघरातून आणि एकदा तो जिना उतरत असताना वरून वाकून. तेवढ्यात कोटाच्या खिशात फोन थरथरला. इल्वाचा निरोप होता. इल्वा म्हणजे त्यांच्या बोटीचं काम करणारी मेकॅनिक. निरोपात शब्द एकही नव्हता, नुसता फोटो. तेलानं काळ्या झालेल्या अंगठ्याशेजारी मुठीएवढा जस्ताचा तुकडा, अर्धा निळा आणि अर्धा चकचकीत. निळा रंग सुरीनं खरवडलेला स्पष्ट दिसत होता आणि त्याखालचं जस्त इतकं कोरं करकरीत होतं की कालच डब्यातून काढलं असावं. पाटीवर एकोणऐंशी लागला. काउंटरमागच्या मुलीनं नंबर पुकारला, मग पुन्हा पुकारला. मागच्या बाईनं त्याच्या चिठ्ठीत डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "अहो, तुमचाच की नंबर." एवर्टनं मान हलवली, ती हो म्हणून की नाही म्हणून हे त्यालाही सांगता आलं नसतं, आणि तो रांगेतून बाहेर पडून थेट रस्त्यावर आला. मासळी राहिली, लिंबू राहिलं. तो निळा रंग त्याच्या ओळखीचा होता.

कालव्याच्या कडेनं तो चालत राहिला. गोथेनबर्गमध्ये ऑक्टोबरात पाचलाच उजेड आवरतं घ्यायला लागतो आणि माणसं उगाचच भराभर चालायला लागतात. एवर्टला मात्र पाय उचलत नव्हता, आणि या वेळी दोष नव्या खुब्याचा नव्हता. तीन आठवड्यांपूर्वी क्लबच्या सगळ्या बोटी क्रेननं पाण्याबाहेर काढल्या. त्यांची 'विपान', म्हणजे टिटवी, वर आली आणि तिच्या मागच्या ड्राइव्हवरचं, म्हणजे पाण्यात बुडून पंखा फिरवणाऱ्या भागावरचं, शिंपले-शेवाळ पाण्याच्या फवाऱ्यानं धुऊन निघालं, तेव्हा खालचा अल्युमिनियमचा पाय जागोजाग खाल्लेला दिसला. एका भोकात तर त्याचं करंगळीचं टोक गेलं. आतलं तेल दुधाळ झालेलं, म्हणजे पाणी आतपर्यंत शिरलेलं. चाळीस वर्षं ड्राइव्हचं सगळं काम त्यानं स्वतःच्या हातानं केलं होतं आणि कधी ओरखडा आला नव्हता. या एकाच वर्षी, मार्चमध्ये बर्फावर घसरून खुबा मोडला आणि तो इस्पितळात पडला म्हणून, काम इल्वाकडे दिलं. तिनं पावती दिली होती: तेल बदललं, रबर बदललं, जस्त बदललं. समुद्राच्या पाण्याला धातूची भूक असते. म्हणून ड्राइव्हवर जस्ताचा तुकडा बसवतात, म्हणजे पाणी आधी त्याला खातं आणि ड्राइव्हच्या वाटेला जात नाही. वर्षाअखेर तो तुकडा कुरतडलेल्या खडीसाखरेसारखा उरतो. झिजणं हेच त्याचं काम. ज्या अर्थी ड्राइव्ह खाल्ला गेला, त्या अर्थी जस्त बदललंच नव्हतं, असा सरळ हिशेब एवर्टनं तिथल्या तिथे मांडला. आणि मांडून गप्प बसला असता तर तो एवर्ट कसला? वर्तमानपत्राच्या कचेरीत अडतीस वर्षं मुद्रितं तपासलेला माणूस. दुसऱ्याची चूक दिसली की त्याच्या हाताला आपसूक खाज सुटायची. दालचिनीच्या पावाचा तुकडा हातात धरून, कॉफी पिणाऱ्या वीसेक लोकांसमोर तो म्हणाला होता, "पावतीवर जस्त बदललंय, बोटीवर नाही." लोक हसले होते. वाक्य चांगलं जमलं होतं, हे त्याला त्या वेळीही कळलं होतं. मग घरी येऊन त्यानं इल्वाला तक्रारीचं पत्र लिहिलं, आणि त्याची प्रत क्लबच्या कमिटीला. त्यात 'अक्षम्य' हा शब्द होता.

आणि आता हा फोटो. जस्त नवं होतं. नवं होतं आणि त्याच्यावर रंग होता, त्यामुळे पाण्याला ते दिसलंच नाही, पाणी पुढे सरकून ड्राइव्हला चावलं. जस्ताला रंग लावायचा नसतो, हे बोटीवाल्यांना श्वास घेण्याइतकं ठाऊक. रंग लावणारा कोण, हा प्रश्नच नव्हता. मे महिन्यात, एवर्ट अजून घरी पलंगावर पडलेला असताना, गुनवोर रोज सकाळी जेवणाचा डबा घेऊन बसनं धक्क्यावर जायची. कुठे जातेस विचारलं तर म्हणायची, "मैत्रिणीकडे." आठ दिवस तिनं थाप मारली. चाळीस वर्षांत बोटीची वाटणी अशी होती की लाकडाला वॉर्निश, पडदे, गाद्या, पाटीवरची अक्षरं हे तिचं, आणि पाणरेषेखालचं सगळं त्याचं. "तू खाली येऊ नकोस, कपडे खराब होतील," असं तो म्हणायचा आणि ती यायची नाही. या वर्षी ती खाली गेली. बोटीखाली पाठीवर झोपून तिनं तळ घासला, धुतला, तळघरातला निळ्या रंगाचा डबा नेऊन दोन हात दिले. ड्राइव्हच्या मागची बाजू दिसत नव्हती, तर दातांच्या दवाखान्यातला तो लांब दांड्याचा छोटा आरसा नेला होता. तीस वर्षं ती दंतवैद्याच्या हाताखाली होती. तोंडातल्या कुठल्याही कोपऱ्यात काही सुटलेलं तिला खपायचं नाही. त्या आरशात बघून तिनं ड्राइव्हचा कोपरान् कोपरा रंगवला. तिथे एक चकचकीत ढेकूळ राहून गेलेलं दिसलं असेल. इल्वाकडून राहिलं वाटतं, असं मनाशी म्हणून तिनं त्यालाही रंग दिला असेल, कडांसकट, नीट. एवर्टला हे चित्र इतकं लख्ख दिसलं की तो कालव्याच्या कठड्याला धरून थोडा वेळ उभाच राहिला.

गुनवोरनं दार उघडलं ती त्याच्या रिकाम्या हातांकडे बघतच.

"मासळी?"

"संपली होती."

"शुक्रवारी मासळीच्या दुकानात मासळी संपली?"

"चपटी संपली होती."

"आणि लिंबंसुद्धा त्याच दुःखानं संपली असतील." ती हसली आणि आत वळली. "बरं झालं. बरणीत हेरिंग मासा आहे, बटाटे टाकते. इल्वाचं काही उत्तर?"

"नाही अजून," एवर्ट म्हणाला. हे वाक्य इतक्या सहज बाहेर पडलं की त्याचं त्यालाच आश्चर्य वाटलं.

"तू फारच कडक लिहिलंस. तो 'अक्षम्य' काढ म्हणून मी म्हटलं होतं."

"शब्द बरोबर होता."

"तुझे शब्द नेहमीच बरोबर असतात रे. पण राहून जातं माणसाच्या हातून. तिचा बाप गेल्यापासून एकटी ओढतेय ती तो कारखाना. सगळे काय तुझ्यासारखे असतात?" बटाट्याचं साल सोलता सोलता ती थांबली. "आणि ऐक, मी अंगभर घालायचा तो निळा डगला घेतलाय. माझ्या मापाचा. या वर्षी तुझा घातला तर बाह्या नाकापर्यंत येत होत्या. पुढच्या मेमध्ये पाणरेषेवर एक लाल पट्टा देऊ या का? बारीकसा?"

"देऊ या की," एवर्ट म्हणाला.

त्याला जेवण गेलं नाही. समोर बसलेल्या बाईकडे तो पाहत होता. अडुसष्ट वर्षांची बाई, लाल पट्ट्याचं बोलताना तिचे हात हवेत रेघ ओढत होते. हा उन्हाळा त्यांच्या सगळ्या उन्हाळ्यांत निराळा गेला होता. बेटांच्या आडोशाला नांगर टाकला की ती पाण्यात उतरायची आणि पोहत पोहत बोटीच्या खाली बघून यायची. आधी ती कधी बघायची नाही. "रंग अजून तसाच आहे," असं वर येऊन सांगायची, डोळ्यांतलं पाणी पुसत. जुलैत एकदा ती म्हणाली होती, "इतकी वर्षं मी तुझ्या बोटीवर यायचे. यंदा माझ्या बोटीवर आलेय." हे वाक्य तिच्याकडून काढून घ्यायला फक्त तो फोटो टेबलावर ठेवायचा अवकाश. तिचा तो स्वभाव त्याला माहीत होता: लग्नानंतर पहिल्या वर्षी तिनं केलेल्या केकला त्याच्या आईनं नाक मुरडलं, तर पुढे सात वर्षं तिनं केकला हात लावला नाही. ब्रशलाही लावणार नाही. आणि फोटो लपवायचा तर इल्वा होती. परवा, रविवारी, क्लबची सभा होती. हिवाळ्याचं बावन्न बोटींचं काम इल्वाच्या कारखान्याकडे ठेवायचं की शहरातल्या मोठ्या कारखान्याला द्यायचं, हा विषय कमिटीनं घेतला होता. घेतला होता तो एवर्टच्या पत्रामुळे. मी रंगवलं, असं म्हणायचीही सोय नव्हती. तो मेमध्ये कुबड्यांवर होता हे सगळ्यांना ठाऊक, आणि बोटीखालून बाहेर येणाऱ्या गुनवोरचा फोटो अजून क्लबच्या फळ्यावर लावलेला होता.

शनिवारी सकाळी तो इल्वाच्या कारखान्यात गेला. ती एका इंजिनाच्या पोटात हात घालून उभी होती, आणि तिनं हात काढला नाही.

"ये. नवा खुबा काय म्हणतो?"

"तक्रार नाही."

"वा. तुझ्यातलं काहीतरी तक्रार करत नाही म्हणजे."

तो ओशाळला. हे त्याला मिळायला हवंच होतं. "इल्वा, मी चुकलो."

"हं." ती हात पुसत आली. "चहा-कॉफीचं विचारत नाही, कॉफीवर तू काय काय बोलतोस ते ऐकलंय मी."

"कुणी रंगवलं ते तुला माहीत आहे."

"अख्ख्या क्लबला माहीत आहे. खरं सांगू का? तुझ्यापेक्षा हात चांगला आहे तिचा. तू कडेला ओघळ सोडतोस." ती बाकावर बसली. "थोडं माझंही चुकलं. मी जस्तावर कागदी पट्टी लावते, 'रंग नको' लिहून. नवख्यांच्या बोटींना. तुझ्या बोटीला लावायला गेले होते, पट्टी फाडलीही होती. मग म्हटलं, एवर्टला हे लिहून सांगायचं? उद्या फोन करून माझ्या शुद्धलेखनाच्या चुका काढील. फेकून दिली पट्टी. रंग तुझी बायको लावील हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. तिला कधी बोटीखाली पाहिलंय कुणी?"

"मीच येऊ दिलं नाही," एवर्ट म्हणाला. मग तो खालच्या आवाजात म्हणाला, "शेजारच्या बोटीतून वीज गळली, त्यानंही ड्राइव्ह खाल्ला जातो ना? तसं म्हटलं तर?"

"जातो. पण गेलेला नाही."

"कुणाचं नुकसान होणार नाही त्यात."

"तुझ्या शेजारी हेलमरची बोट असते. उद्या तो विचारील, कुणाची बोट गळते म्हणालास? मग त्याच्यासाठी दुसरी थाप शोध." ती उठली आणि कपाटावरून ते जस्त काढून तिनं त्याच्या हातात दिलं. "तू एवढंच कर. उद्या उभा राहा आणि म्हण, इल्वानं जस्त बदललं होतं. कुणी रंगवलं ते बोलू नकोस. मी पण नाही बोलणार. पण बावन्न बोटी आहेत रे. माझा हिवाळा त्यांच्यावर जातो."

परतीच्या बसमध्ये जस्त त्याच्या खिशात मांडीला टोचत होतं. इल्वा सांगते तसं करावं. नाव न घेता सुटावं. पण गुनवोर सभेला येणार होती, पहिल्या रांगेत बसणार होती, आणि इल्वानं जस्त बदललं होतं हे ऐकल्यावर, मग ड्राइव्ह का खाल्ला गेला, हा प्रश्न तिला पडल्याशिवाय राहणार नव्हता. भर सभेत, सगळ्यांच्या माना हळूच तिच्याकडे वळत असताना, तिला ते कळणार. म्हणजे आजच सांगायला हवं. कसं सांगायचं याची वाक्यं तो जुळवू लागला. तुझी चूक नाही, मी कधी सांगितलंच नाही. हे वाक्य खरं होतं. चाळीस वर्षं तो एकटा खाली वाकून त्या जस्ताला खरवडत, बदलत आला, आणि ती दहा पावलांवर वॉर्निश लावत होती. तिला हाक मारून हे बघ, असं एकदाही म्हणाला नाही. तिथे आपण एकटेच जाणते असण्याची त्याला गोडी होती, हेही खरं होतं. पण या वाक्यावर त्याचं मन ठरेना. मुद्रित तपासताना एखादी ओळ बरोबर असूनही नजर तिच्यावरून पुढे सरकत नाही, तेव्हा चूक तिच्या आसपास कुठेतरी असते. तसंच काहीसं होत होतं. त्यानं खिशात हात घालून जस्त चाचपलं. एका बाजूला गुळगुळीत रंग, दुसऱ्या बाजूला उघडा धातू. आणि मग त्याला तो दिवस आठवला, बोटी पाण्यात सोडायचा. टॅक्सीतून उतरून कुबड्या टेकत तो बोटीपाशी आला, वारा होता, क्रेनचे पट्टे 'विपान'च्या पोटाखालून घेतलेले होते, क्रेनवाला वरून काहीतरी ओरडत होता. गुनवोर म्हणाली, "डोळे मिट. आता उघड." त्यानं उघडले. निळीभोर बोट. तो कुबड्यांवर तिच्याभोवती फिरला, हळूहळू, मागपर्यंत गेला. ड्राइव्हपाशी थांबला. आणि त्याला ते दिसलं.

त्याला ते दिसलं होतं. विसरला होता म्हणावं तर तसंही नव्हतं. कुठेतरी ठेवून दिलं होतं. जस्ताचा निळा गोळा त्याच्या डोळ्यांसमोर होता, आणि 'अरे, हे' एवढे दोन शब्द त्याच्या जिभेवर आले होते. त्यानं वळून पाहिलं. गुनवोर उभी होती, त्याच्याच डगल्याच्या बाह्या दुमडलेल्या, कपाळावर निळा डाग, एक कान निळा, आणि चेहरा असा की त्यानं तो तरुणपणीसुद्धा इतका उघडा पाहिलेला नव्हता. तो म्हणाला, "एकही जागा सुटलेली नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. बोट वर उचलली गेली. पाण्यात टेकेपर्यंत त्याला वाटत होतं, सांगू, उद्या सांगू, आठवड्यानं पाणबुड्याला सांगून खरवडून घेऊ. मग उन्हाळा आला, आणि उन्हाळा चांगला गेला. सप्टेंबरात भोकं दिसली तेव्हा त्याच्या मनानं त्या क्षणाकडे बघायचं टाळलं आणि तो भलत्याच माणसावर ओरडला. इतक्या जोरात ओरडला, ते यासाठीच. एवर्टचा थांबा मागे गेला. तो पुढच्या थांब्यावर उतरून तेवढं अंतर चालत परत आला.

गुनवोर स्वयंपाकघरात सफरचंदं निवडत होती. चांगली एका टोपलीत, डागाळलेली मुरंब्याला. त्यानं कोट न काढताच जस्त टेबलावर ठेवलं.

"हे काय?"

"जस्त. ड्राइव्हवरचं."

तिनं ते उचललं, उजेडाकडे धरलं, आणि खरवडलेल्या कडेवरून नख फिरवलं.

"हा माझा निळा आहे."

"हो."

"याला लावायचा नव्हता."

"नव्हता. ते उघडं ठेवायचं असतं. पाणी त्याला खातं आणि बाकीचं सोडतं."

"म्हणजे इल्वानं बदललं होतं." तिनं खाली बसून घेतलं. "आणि ती भोकं माझ्यामुळे पडली. आणि आपण तिला..." तिनं तोंडावर हात ठेवला.

इथे थांबता आलं असतं. मी कधी सांगितलंच नाही, हे ते तयार वाक्य इथे बसलं असतं. एवर्टनं खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"तुझ्यामुळे नाही, गुनवोर. मी पाहिलं होतं."

"काय पाहिलं होतंस?"

"हे. रंगवलेलं. बोट पाण्यात सोडायच्या दिवशी. क्रेनचे पट्टे लावले होते तेव्हा. मला दिसलं आणि मी बोललो नाही."

तिनं जस्त टेबलावर ठेवलं. "का?"

"तुझ्या कपाळाला रंग लागला होता," एवर्ट म्हणाला, आणि त्याला पुढचं नीट सांगता येईना. "कानाला लागला होता. तू इतकी... मला त्यातून काही काढून घ्यायचं नव्हतं. मला तू फार आवडलीस त्या दिवशी. माझ्याच्यानं बोलवलं नाही."

"खरवडायला किती वेळ लागला असता?"

"पाच मिनिटं."

"पाच मिनिटं." तिचे कान लाल झाले. ती चिडली की तसे व्हायचे. "माझ्या आईला लिहिलेल्या पत्रांतल्या चुका काढल्यास तू. पोस्टात टाकायच्या आधी. वाणसामानाच्या यादीतल्या काढल्यास. आणि जिथे सांगायला हवं होतं तिथे तोंड मिटून बसलास. मी काय काचेची आहे? मोडले असते?"

"नाही."

"त्या बाईचा हिवाळा गेला असता तुझ्या मायेपायी."

"हो."

"उद्या सभेत मी बोलणार. रंग मी लावला, ते मीच सांगणार. आणि तू उठून 'मी पाहिलं होतं' एवढंच म्हणायचंस. त्याच्यापुढे एक शब्द नको, तुझी वाक्यं मला माहीत आहेत." तिनं सफरचंदाची टोपली बाजूला सारली. "आणि पुढच्या वेळी मला सांगायचं. तिथल्या तिथे. मी पाच मिनिटं रडेन आणि मग खरवडेन. थांबेल तो क्रेनवाला."

"सांगेन," एवर्ट म्हणाला.

"बस मग."

तो कोटासकट तिच्याशेजारच्या खुर्चीवर बसला. गुनवोरनं भिंतीवरच्या घड्याळाकडे एकदा पाहिलं, आणि ती रडायला लागली.